परघरी राहिलेली ठेव

ग्रीक आणि लॅटिनचं भाषाशास्त्र हा पुण्यात कधीच पोटापाण्याचा विषय नव्हता. नेमणूक व्हायची ती संस्कृतच्या प्राध्यापकाची. वर्गात नाटकं-काव्यं शिकवायची, उत्तरपत्रिका तपासायच्या, संस्थेच्या सभांना बसायचं, आणि एवढं उरकून जो वेळ हाती लागेल त्यात विचार करायचा की ग्रीकमध्ये जिथे ‘ए’ ऐकू येतो तिथे संस्कृतात ‘अ’ का येतो. असा हाती लागलेला वेळ ज्यांच्या वाट्याला फारच थोडा आला, त्या डॉ. पांडुरंग दामोदर गुणे यांच्याविषयी मला लिहायचं आहे. जन्म १८८४, लाइपझिगची डॉक्टरेट १९१३, पुण्यात प्रसिद्ध झालेलं तुलनात्मक भाषाशास्त्राचं इंग्रजी पुस्तक १९१८, मृत्यू १९२२. चार आकड्यांत मावावी अशी ही कारकीर्द. ती मला आठवत राहते, आणि गेली काही वर्षं मारुंजीत राहायला आल्यापासून जरा जास्तच.

मारुंजी म्हणजे हिंजवडीच्या पाठीला टेकलेलं मुळशी तालुक्यातलं गाव. गावठाण अजून आहे, गोठे आहेत, आणि त्यांच्या डोक्यावरून वीस-बावीस मजली इमारती उठल्या आहेत. या इमारतींतल्या लिफ्टमध्ये एका फेरीत मराठी, हिंदी, तेलुगू, मल्याळम कानावर पडतं. आणि अलीकडे जर्मनही. कारण या पट्ट्यात जर्मनला भाव आहे. चाकणला फोक्सवागनचा कारखाना आहे, मर्सिडीजचाही तिथेच. जर्मन कंपन्यांची कामं हिंजवडीत होतात. शिवाय आखेन, म्युनिक, श्टुटगार्टला शिकायला निघालेली मुलं प्रत्येक सोसायटीत सापडतात. ‘ए-टू झालं, आता बी-वन’ हे वाक्य इथे ‘दहावी झाली, आता अकरावी’ इतक्या सहजपणे बोललं जातं.

आमच्याच मजल्यावर लातूरकडचा एक मुलगा राहतो. चाकणला एका कारखान्यात मेकॅनिकल इंजिनिअर आहे आणि सुट्टीच्या दिवशी जर्मनच्या क्लासला जातो. मी आयुष्यभर संस्कृत शिकवलं हे त्याला कुणीतरी सांगितलेलं. एके दिवशी म्हणाला, “काकू, एक विचारू? संस्कृतात पितृ आणि भ्रातृ, दोन्हीकडे त. इंग्रजीत फादर आणि ब्रदर, दोन्हीकडे द. मग जर्मनमध्ये एकीकडे ‘फाटर’ आणि दुसरीकडे ‘ब्रूडर’ कसं काय? आमचे सर म्हणतात, पाठ करा.”

पाठ करा, हे उत्तर वाईट नाही. भाषा शिकताना तेच करावं लागतं. पण प्रश्न विचारणाऱ्याला ठाऊक नव्हतं की याच जोडीपाशी युरोपातले मातब्बर भाषाशास्त्रज्ञ वर्षानुवर्षं अडून बसले होते. संस्कृत, ग्रीक आणि लॅटिनमधला त जर्मन कुळातल्या भाषांत थ होतो, हा नियम याकोब ग्रिम यांनी १८२२ साली मांडला होता. भाऊ तो नियम पाळत होता. बाप पाळत नव्हता. गॉथिक या जुन्या भाषेत भावासाठी ‘ब्रोथर’, पण बापासाठी ‘फादर’. बाकीच्यांनी त्याला अपवाद म्हणून सोडून दिलं होतं.

उलगडा केला कार्ल व्हेर्नर या डॅनिश माणसाने. दुपारची झोप लागावी म्हणून त्याने फ्रान्ट्स बॉप यांच्या तुलनात्मक व्याकरणाचा एक खंड हाती घेतला आणि तो वाचताना त्याची झोपच उडाली, अशी हकीकत सांगतात. बॉपच्या पानावर संस्कृत शब्द स्वरचिन्हांसकट छापले होते. वेदातल्या ‘पिता’ शब्दाचा उदात्त स्वर शेवटच्या अक्षरावर आहे, ‘भ्राता’ शब्दाचा पहिल्या. व्हेर्नरच्या ध्यानात आलं की आघात त-च्या आधीच्या अक्षरावर असला तर थ टिकून राहिला, आणि आघात पुढे असला तर त्या थ-चा द झाला. १८७७ साली त्याचा लेख छापून आला. अपवादालाही नियम होता! पुढे जर्मन भाषेत द-चा ट झाला आणि थ-चा द, म्हणून फाटर आणि ब्रूडर. इंग्रजीत मधल्या काळात दोन्ही उच्चार पुन्हा एक झाले आणि पुरावा पुसला गेला. लातूरच्या मुलाचा कान नेमक्या त्या पुराव्यावर पडला होता.

मला यात थक्क करते ती वेगळीच गोष्ट. ज्या आघाताने हे सगळं घडवून आणलं तो आघात जर्मन भाषांतून केव्हाच नाहीसा झालेला. लॅटिननेही तो टाकून दिला. ग्रीकने राखला; तिथेही बापाचा आघात शेवटी आणि ‘फ्रातेर’चा सुरुवातीला. आणि राखला वैदिकांनी. गोदाकाठी, कृष्णाकाठी, कोकणातल्या पाठशाळांत आठ-दहा वर्षांची मुलं गुरूंसमोर बसून ऋचा म्हणत, स्वर चुकला की पुन्हा म्हणत. त्यांना जर्मनी ठाऊक नव्हती, ग्रिमचा नियम ठाऊक नव्हता. आपण काहीतरी जतन करतो आहोत एवढंच ठाऊक होतं. कुणासाठी, ते नव्हतं. त्यांच्या परंपरेतून स्वर पोथ्यांत उतरले, पोथ्यांतून बॉपच्या पुस्तकात, आणि जर्मन बापाच्या नावातलं कोडं वैदिकांच्या घरी राखलेल्या स्वरामुळे सुटलं.

भाषांचं असंच असतं. एकीचं हरवलेलं दुसरीच्या घरी ठेव म्हणून राहिलेलं असतं, आणि ठेव सांभाळणाऱ्याला मालकाचं नावही माहीत नसतं. तुलनात्मक भाषाशास्त्राचा अभ्यासक या घरांतून त्या घरांत फिरत असतो. त्याला सगळीकडची दारं उघडता यावी लागतात. निदान ग्रीक, लॅटिन आणि संस्कृत या तीन घरांची तरी. पुण्यात ही तिन्ही दारं उघडणारी माणसं झाली. रामकृष्ण गोपाळ भांडारकरांनी १८७७ साली, म्हणजे व्हेर्नरचा लेख आला त्याच वर्षी, मुंबईत विल्सन व्याख्यानमाला गुंफली आणि संस्कृतपासून आजच्या भाषांपर्यंतचा प्रवास मांडला. गुणे त्यांच्यानंतरच्या पिढ्यांतले. पण गुण्यांनी एक पाऊल पुढे टाकलं. जिथे या शास्त्राची टाकसाळ होती, तिथे ते जाऊन राहिले.

लाइपझिग. १८७८ साली कार्ल ब्रुगमान आणि हेर्मान ओस्टहोफ या तिशीच्या आसपासच्या दोघांनी एक जाहीरनामाच काढला: ध्वनिबदलाच्या नियमांना अपवाद नसतात, अपवाद दिसला तर समजावं की आपल्याला अजून नियम कळलेला नाही. मागे व्हेर्नरचं उदाहरण ताजं होतं. थोरांनी या मंडळींना ‘पोरसवदा वैयाकरण’ म्हणून हिणवलं आणि त्यांनी ते नाव अभिमानाने लावून घेतलं. गुणे तिथे पोचले तेव्हा ब्रुगमान साठी ओलांडलेले, जगन्मान्य, आपल्या विशाल ग्रंथाच्या दुसऱ्या आवृत्तीत गुंतलेले होते. स्लाव्ह भाषांचे आउगुस्ट लेस्कीन तिथे होते, संस्कृतचे एर्न्स्ट विंडिश होते. याच विद्यापीठात १८८० साली फेर्दिनां द सोस्यूर यांनी संस्कृतातल्या सतिषष्ठीवर प्रबंध सादर केला होता. फर्ग्युसन कॉलेजातल्या मराठी माणसाने तिथेच बसून संस्कृतातल्या ‘त्वान्त’ आणि ‘ल्यबन्त’ रूपांवर, म्हणजे ‘गत्वा’, ‘आगम्य’ या जातीच्या रूपांवर जर्मन भाषेत प्रबंध लिहिला. ऋग्वेद, ऐतरेय ब्राह्मण आणि शतपथ ब्राह्मण हे त्याचं क्षेत्र.

विषय ऐकायला कोरडा वाटतो. पण मराठी माणसाने निवडावा असा याहून घरचा विषय दुसरा नसेल. आपण दिवसभर याच रूपांवर जगतो. उठून, दात घासून, चहा पिऊन, डबा घेऊन, बस पकडून माणूस कामाला जातो. चार-पाच क्रिया एका ‘ऊन’वर ओवल्या जातात आणि खरं क्रियापद शेवटी एकदाच येतं. महाराष्ट्री प्राकृतात ‘काऊण’, ‘गंतूण’ अशी रूपं आहेत आणि अभ्यासकांनी मराठीच्या या प्रत्ययाची नाळ तिकडे जोडली आहे. त्याही मागे गेलं तर ऋग्वेदात ‘त्वा’, ‘त्वी’, ‘त्वाय’ असे तीन-तीन प्रकार नांदताना दिसतात. भाषा अजून ठरवते आहे, कोणतं ठेवायचं. ब्राह्मणग्रंथांत निवड झालेली दिसते. ‘त्वा’ उरलं, आणि उपसर्ग असेल तिथे ‘य’.

आता हेच काम ग्रीक आणि लॅटिन कशी करतात? त्यांच्याकडे असं अव्यय नाही. ‘जाऊन’ म्हणायचं तर ‘गेलेला’, ‘जाणारा’ या धर्तीची विशेषणं कर्त्याला लावून, लिंग-वचन-विभक्ती जुळवून सांगावं लागतं. म्हणजे या तिन्ही बहिणींच्या घरात एकच काम दोन रीतींनी होतं, आणि संस्कृतची रीत तिची स्वतःची आहे. पण त्या नव्या रीतीचं लाकूड जुनंच. ‘गत्वा’ हे मुळात ‘तु’ लागून झालेल्या एका नामाचं तृतीयेचं रूप. त्याच जातीच्या नामाची द्वितीया म्हणजे ‘दातुम्’, ‘गन्तुम्’. आणि लॅटिन शिकणाऱ्या कुठल्याही विद्यार्थ्याला ‘सुपाइन’ नावाचा जो प्रकार पाठ करावा लागतो, जाण्या-येण्याच्या क्रियापदांबरोबर ‘करायला’ या अर्थाने येणारा, तोही नेमका हाच: द्यायला या अर्थी लॅटिनमध्ये ‘दतुम’. रोममधला शाळकरी मुलगा आणि पुण्यातला पाठशाळेतला मुलगा एकाच विभक्तीचं एकच रूप घोकत होते आणि दोघांनाही एकमेकांचा पत्ता नव्हता. लॅटिन हे पूर्ण नाम विसरली होती, एक-दोन विभक्त्या उरल्या होत्या. संस्कृतातही नाम विरघळलं, पण तुकडे जास्त उरले. कुठले तुकडे कुठे जोडायचे हे कळायला दोन्ही घरं पाहावी लागतात.

१९१३ साली प्रबंध झाला. पुढच्याच वर्षी महायुद्ध पेटलं आणि लाइपझिग हा शत्रूचा मुलूख झाला. जिथे विद्या मिळाली तिथली नियतकालिकं, पुस्तकं, गुरूंची पत्रं, सगळ्या वाटा बंद. अशा काळात एखाद्याने आपल्याजवळ असेल तेवढ्यावर आयुष्य काढलं असतं. गुण्यांनी कामं अंगावर घेतली. ६ जुलै १९१७ रोजी भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिर उभं राहिलं, त्या खटपटीत श्रीपाद कृष्ण बेलवलकरांसारख्यांच्या बरोबरीने गुणे होते. १९१९ साली पहिली अखिल भारतीय प्राच्यविद्या परिषद पुण्यात भरली. आणि मधल्या १९१८ मध्ये, युद्ध अजून चालू असताना, पुण्यात त्यांचं ‘ॲन इंट्रोडक्शन टू कंपॅरेटिव्ह फिलॉलॉजी’ निघालं. ज्या शास्त्राची राजधानी नकाशावर पलीकडच्या बाजूला होती त्याचं पाठ्यपुस्तक शनिवार-सदाशिवातल्या विद्यार्थ्याच्या हाती देणं हे तेव्हा साधं काम नव्हतं. पुढच्या काही पिढ्या एम.ए.च्या परीक्षेला या पुस्तकावर बसल्या.

त्या पुस्तकातून एक गोष्ट शिकणं पुण्यातल्या कुणालाही जड गेलं असणार. संस्कृत ही सगळ्यांची आई नव्हे. ती बहीण आहे. थोरली म्हणा हवं तर, पण बहीण. आणि काही बाबतींत धाकट्या बहिणींची आठवण तिच्यापेक्षा चांगली आहे.

याचा सर्वांत सुंदर पुरावा म्हणजे आपला ‘च’. ‘रामश्च लक्ष्मणश्च’मधला, ‘आणि’ या अर्थाचा. लॅटिनमध्ये त्याच जागी, तसाच शब्दाच्या शेपटाला लागून ‘क्वे’ येतो, ग्रीकमध्ये ‘ते’. मूळचा व्यंजनध्वनी क-च्या जातीचा, ओठ गोल करून उच्चारलेला, हे लॅटिनवरून दिसतं. मग संस्कृतात ‘क’ न होता ‘च’ का झाला? दुसरीकडे ‘कः’ म्हणजे ‘कोण’, तिथे तर त्याच मूळ ध्वनीचा क झाला आहे. दोन्हीकडे पुढे ‘अ’च आहे. संस्कृतच्या घरात बसून हा प्रश्न सुटत नाही, कारण कारणच तिथून नाहीसं झालं आहे. ग्रीक आणि लॅटिनकडे पाहिलं की दिसतं: ‘च’च्या जागी त्यांच्याकडे ‘ए’ आहे, आणि ‘कः’च्या जागी ‘ओ’. म्हणजे मुळात तिथे वेगवेगळे स्वर होते. ‘ए’ने शेजारच्या क-ला टाळूकडे ओढून त्याचा च केला, आणि काम झाल्यावर तो ‘ए’ स्वतःच ‘अ’मध्ये विरून गेला. १८७०च्या दशकात अनेकांच्या हातून जवळजवळ एकाच वेळी हे निष्पन्न झालं. तोवर ‘अ, इ, उ’ ही संस्कृतची नेटकी त्रयी मूळची मानली जात होती. आता कळलं की स्वरांच्या बाबतीत ग्रीक अधिक जुनं सांगते आहे.

संस्कृतच्या अभ्यासकाने हे स्वीकारायचं म्हणजे काय, हे मला शिकवण्याच्या दिवसांत दरवर्षी समोर दिसायचं. वर्गात एक-दोघं तरी नाराज होत. संस्कृत सर्वांत जुनी, सगळ्या भाषा तिच्यापासून निघाल्या, हे घरून ऐकून आलेलं असायचं. त्यांना आपल्या आजीचा अपमान झाल्यासारखं वाटायचं. मी त्यांना पाणिनीविषयी सांगे: कुठल्याही भाषेचं असं व्याकरण पाश्चात्त्यांनी पाहिलं नव्हतं, आणि ते पाहिल्यावरच त्यांना शब्दाचे अवयव सुटे कसे करायचे ते उमगलं. संस्कृतने युरोपला शास्त्र दिलं. त्या शास्त्राने संस्कृतला तिचा विसरलेला भूतकाळ परत दिला. यात लाजण्यासारखं काय आहे? दोन्ही बाजूंना देणंही आहे आणि घेणंही.

या शास्त्रातली मला सर्वांत आवडणारी गोष्ट एक लहानशी तारका आहे. जे रूप कुठल्याही लेखात, पोथीत प्रत्यक्ष सापडलेलं नाही, फक्त तुलनेने बांधलेलं आहे, त्याच्या डोक्यावर ती काढायची असा रिवाज आहे. मूळ ‘क्वे’च्या डोक्यावर ती आहे, मूळ ‘पतेर’च्याही. अर्थ असा, की हे मी पाहिलेलं नाही, मी ते असायलाच हवं म्हणतो आहे. पुढे कधी खोटं ठरलं तर ते खोडायला मोकळीक ठेवली आहे. आणि कधीकधी ते खरंही ठरतं. १९५२ साली मायकेल व्हेंट्रिस यांनी क्रीट आणि ग्रीसमधल्या मातीच्या पाट्यांवरची ‘लिनिअर बी’ लिपी वाचली. ती निघाली ग्रीकच, होमरच्याही कित्येक शतकं आधीची. आणि तिच्यात ‘आणि’साठी होता ‘क्वे’. पुढच्या ग्रीकने ज्याचा ‘ते’ केला, तो ओठ गोल करून म्हटलेला जुना ध्वनी तिथे, चिखलात, नोंदवलेला बसला होता. सोस्यूरचंही तसंच झालं. एकविशीत त्याने गणितासारखा हिशेब मांडून सांगितलं होतं की मूळ भाषेत असे काही ध्वनी होते जे सगळ्याच मुलींनी गिळून टाकले आहेत. अनेकांनी तो कल्पनाविलास समजला. हिटाइट भाषा वाचली गेली, आणि १९२७ साली कुरिलोविच यांनी दाखवलं की त्यातला एक ध्वनी तिथे शिल्लक आहे.

गुणे १९२२ सालीच गेले होते. अडतिसाव्या वर्षी. त्यांच्या पुस्तकात हिटाइट नाही, असणार कसं? त्यांनी शेवटी हाती घेतलेलं काम तर ग्रीक-लॅटिनपासून फारच दूरचं वाटतं. धनपालाची ‘भविसयत्तकहा’ हा अपभ्रंशातला ग्रंथ बडोद्याचे चिमणलाल दलाल संपादित करत होते. ते १९१८ साली वारले आणि अर्धं राहिलेलं काम गुण्यांनी पुढे नेलं. त्याच ग्रंथाची हेर्मान याकोबी यांची आवृत्ती १९१८ मध्येच म्युनिकला निघाली होती. युद्धाच्या दोन बाजूंना बसून माणसं एकाच अपभ्रंश कथेचे पाठ लावत होती. बडोद्याच्या गायकवाड प्राच्य ग्रंथमालेत ती १९२३ साली बाहेर पडली, तेव्हा तिचे दोन्ही संपादक हयात नव्हते. ब्रुगमानच्या शाळेत तयार झालेला माणूस अपभ्रंशाकडे का वळला हे मला कोडं वाटत नाही. ध्वनिनियम एकदा अंगात मुरले की ते कुठल्याही शतकाला लावून बघावेसे वाटतात, आणि संस्कृत ते मराठी या रस्त्यावर सर्वांत अंधार अपभ्रंशाच्या टप्प्यावरच आहे.

ग्रीकचा आपल्याशी संबंध केवळ हजारो वर्षांपूर्वीच्या नातलगाचा नाही. तो याच मावळात पाहायला मिळतो. मारुंजीहून जुन्या मुंबई रस्त्याला लागलं की तासाभरात कार्ल्याचा पायथा येतो. तिथल्या चैत्यगृहात खांबांवर कोरलं आहे की हा खांब धेनुकाकटाच्या अमुक यवनाचं दान. यवन म्हणजे ग्रीक, निदान ग्रीकांशी नातं सांगणारे. नावं मात्र ‘सिहधय’, ‘धम’ अशी इथली, आणि लेख प्राकृतात. एकही ग्रीक अक्षर नाही. याच्या उलट क्षत्रप नहपानाची चांदीची नाणी पाहा. नाशिकजवळ जोगळटेंभीला १९०६ साली तेरा हजारांहून अधिक नाण्यांचा साठा मिळाला. त्यातली ९,००० हून जास्त गौतमीपुत्र सातकर्णीने पुन्हा आपला ठसा मारून चालवलेली. त्या नाण्यांच्या कडेने ग्रीक अक्षरं आहेत, पण वाचली तर भाषा प्राकृत निघते! यवनाने आपली लिपी टाकून प्राकृत कोरलं, आणि क्षत्रपाने यवनाच्या लिपीत प्राकृत लिहिलं.

‘पेरिप्लस’ हा ग्रीक खलाशी-व्यापाऱ्याने इसवी सनाच्या पहिल्या शतकात लिहिलेला समुद्रमार्गाचा वृत्तांत. त्यात आपली गावं आहेत: सोपारा, कल्याण, चौल, तगर म्हणजे आजचं तेर, आणि ‘पैठणा’. संस्कृत ग्रंथ ‘प्रतिष्ठान’ लिहीत होते आणि पुढेही कित्येक शतकं तसंच लिहीत राहिले. पंडिताला गावाचं शुद्ध नाव ठाऊक होतं ना! ग्रीक व्यापाऱ्याला शुद्ध नाव ठाऊक नव्हतं. गाडीवान, हमाल, अडते जे बोलत होते ते त्याने कानाने टिपलं. म्हणून आज आपण खात्रीने म्हणू शकतो की एकोणीसशे वर्षांपूर्वी लोक जवळजवळ आपण म्हणतो तसंच पैठण म्हणत होते. मराठवाड्यातल्या बाजारातल्या माणसाचा आवाज इजिप्तहून आलेल्या परक्याच्या वहीत सांभाळून राहिला.

ग्रीक-लॅटिनशी आपल्या भाषांचं हे नातं पहिल्यांदा कुणाला दिसलं असेल? ज्यांना दिसलं त्यांतले फार आरंभीचे एक तर मराठी कवीच होते. फादर थॉमस स्टीफन्स, इंग्रज जेझुइट, १५७९ साली गोव्यात आले आणि पुढचं बहुतेक आयुष्य साष्टीत काढून तिथेच वारले. १६१६ साली त्यांचं ‘ख्रिस्तपुराण’ छापलं गेलं. पण त्याच्या कितीतरी आधी, १५८३ साली भावाला धाडलेल्या पत्रात त्यांनी लिहून ठेवलं होतं की इथल्या भाषांची घडण ग्रीक आणि लॅटिनसारखी आहे. सर विल्यम जोन्स यांचं कलकत्त्यातलं प्रसिद्ध भाषण १७८६चं. मध्ये दोन शतकं गेली. लॅटिन ज्यांच्या बालपणात मुरली होती आणि ज्यांनी पुढे ओव्या रचल्या, अशा कानालाच ते आधी ऐकू आलं.

गुण्यांनंतर या वाटेवर माणसं आली, पण वाट रुंद झाली असं म्हणवत नाही. ग्रीक आणि लॅटिन भाषांचे इतिहास लिहिणाऱ्या आंत्वान मेय्ये यांच्या फ्रेंच शिष्याने, ज्यूल ब्लॉक यांनी, मराठीच्या घडणीवरचा ग्रंथ लिहिला आणि तो १९२० साली पॅरिसला निघाला. वासुदेव गोपाळ परांजपे यांनी १९४१ साली तो मराठीत आणला. डेक्कन कॉलेज १९३९ साली संशोधनसंस्था म्हणून पुन्हा उघडलं. सुमित्र मंगेश कत्रे यांनी तिथे भाषाशास्त्र रुजवलं आणि १९४८ साली संस्कृतच्या ऐतिहासिक कोशाचं काम सुरू केलं. मधुकर अनंत मेहेंदळे यांचं कोरीव लेखांतल्या प्राकृताचं ऐतिहासिक व्याकरण त्याच वर्षी आलं. कार्ल्याच्या खांबांवरचं प्राकृत त्याच जगातलं. मेहेंदळे शंभरी पार करून २०२० साली गेले. गुण्यांना तेवढा काळ मिळता तर काय झालं असतं हा खेळ मी खेळत नाही. त्यांच्या पुस्तकातली कित्येक पानं आज जुनी झाली आहेत आणि ते त्यांना मान्य झालं असतं. डोक्यावर तारका काढायची शिस्त ते शिकले होते आणि त्यांनी ती शिकवलीही.

जर्मनीला निघालेल्या लातूरच्या मुलाला मी व्हेर्नरची गोष्ट सांगितली तेव्हा तो म्हणाला, “म्हणजे जर्मन शिकायला वेद लागतात?” मी म्हटलं, जर्मन शिकायला नाही लागत, जर्मन अशी का, ते विचारायला लागतात. तसंच मराठीचं. ती बोलायला, तिच्यावर प्रेम करायला, तिच्यासाठी भांडायला ग्रीकची गरज नाही. पण पैठण केव्हापासून पैठण आहे हे विचारायचं ठरवलं की ग्रीक लागते. आज या भागात जर्मन येणारी मुलं हजारांनी असतील, आणि वेदपाठ करणारी मुलंही पुण्यात आहेत. दोन्ही एका डोक्यात असणं मात्र दुर्मीळ झालं आहे. ते शक्य असतं, एवढं गुण्यांनी नऊ वर्षांत दाखवून ठेवलं. नहपानाच्या नाण्यांवरची ग्रीक अक्षरं, पेरिप्लसमधली गावांची नावं, कार्ल्याचे यवन यांच्यावर परदेशी विद्वान लिहितात, चांगलं लिहितात. पण पैठणच्या बाजारात आजही ‘ठ’ किती जोरात म्हणतात, मावळात कोणता स्वर ओढतात, हे त्यांना पुस्तकातून कळणार नाही. आणि ज्यांना ते रोज ऐकू येतं, त्यांच्यापैकी कुणीतरी अडीच-तीन वर्षं खर्चून ग्रीक शिकल्याशिवाय त्या ऐकण्याचा पुरावा होणार नाही.